‘वरच सगळं सडलंय, मग मी एकट्याने काय करू?’

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई, वय ३१. कॉलेजपर्यंत गोलकीपर होतो, गुडघा गेला आणि खेळ सुटला. गेल्या वर्षी आमच्या फुटबॉल असोसिएशनच्या कमिटीवर मला खजिनदार म्हणून घेतलं. तेव्हापासून बघतोय, बॉल, जर्सी, ग्राउंडचा खर्च यासाठी क्लबांना जी मदत मिळते ती अध्यक्षांच्या बाजूने हात वर करणाऱ्या क्लबांना आधी जाते, बाकीच्यांची फाईल ‘बघू’ मध्ये. बोललो तर अध्यक्ष हसून म्हणाले, अरे फिफात काय काय चालतं बघ, त्यामानाने आपण धुतल्या तांदळासारखे. आता वर्षाचे हिशेब माझ्या सहीला आलेत आणि बऱ्याच ओळींना पावतीच नाही. राजीनामा देऊन मोकळा होऊ का? शिवाय मित्र म्हणतो, एवढी चीड आहे तर वर्ल्ड कप बघणं पण बंद कर, नाहीतर तू ढोंगी. खरंच बंद करू का?
– गोंधळलेला गोलकीपर

---

गोलकीपर, तुझ्या अध्यक्षांचं वाक्य वाचून मी आधी हसले आणि मग जरा वेळ गप्प बसले, कारण त्यांनी ढाल म्हणून जे नाव पुढे केलं ना, त्याची गोष्ट नीट बघितली तर ती त्यांचीच गोष्ट निघते. मदत देणारा हात आणि मत मागणारा हात एकच, आणि तो हात कोणाला ‘बघू’ म्हणतोय हे सगळ्यांना माहीत. तिकडे हेच चालतं, फक्त शून्यं जास्त. म्हणून ‘त्यामानाने’ वगैरे काही नाही.

थोडं मागे जाऊन सांगते, कंटाळू नकोस. फिफा, म्हणजे जगभरच्या फुटबॉल असोसिएशनांची संघटना, १९०४ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, सात देश होते. आज २११ सभासद आहेत आणि प्रत्येकाला एक मत, म्हणजे ब्राझीलचं मत आणि काही हजार वस्तीच्या माँटसेराट बेटाचं मत सारखंच. आणि कायद्याच्या नजरेत ही स्वित्झर्लंडमधली एक साधी संस्था आहे बरं का, तिकडची एखादी गाण्याची मंडळी किंवा डोंगर चढणाऱ्यांचा क्लब ज्या कायद्याखाली चालतो त्याच कायद्याखाली, आणि २०१९ ते २०२२ या चार वर्षांत तिची कमाई ७५० कोटी डॉलरच्या वर.

आता एक देश एक मत हे मला मनापासून आवडतं. आधी सगळं युरोपच्या हातात होतं. १९६६ च्या वर्ल्ड कपला आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या सगळ्यांना मिळून एकच जागा ठेवली होती, आफ्रिकेच्या देशांनी सरळ बहिष्कार टाकला, आणि बरोबरच केलं. मग १९७४ मध्ये ब्राझीलचे जोआव आव्हेलांज फिफाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, त्यांनी ओळखलं की ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्याकडेही मत आहे, देशोदेशी फिरले, जास्त जागा देतो, खेळ वाढवायला पैसे देतो म्हणाले आणि इंग्लंडचे सर स्टॅनली राउस पडले. आश्वासन पाळलं सुद्धा. १६ टीमचा वर्ल्ड कप १९८२ ला २४ चा झाला, १९९८ ला ३२, आणि २०२६ साठी ४८. गरीब देशांना मैदानं मिळाली, कोच मिळाले, हे खोटं नाही. पण त्यातच ती कळ सापडली जी नंतर सगळ्यांनी दाबली. पैसा वरून खाली येतो, मत खालून वर जातं, आणि दोन्हीच्या मध्ये एकच माणूस उभा.

आता तर ते सगळं रीतसर आहे. फिफा फॉरवर्ड नावाच्या योजनेत २०२३ ते २०२६ या काळात प्रत्येक असोसिएशनला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. जर्मनीला त्याचं काय, पण छोट्या बेटावरच्या असोसिएशनचा सगळा संसार त्यावर चालतो. मग अशा माणसाने अध्यक्षाविरुद्ध हात वर करायचा? फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फंतिनो २०१६ ला मतदानाने निवडून आले, २०१९ आणि २०२३ ला समोर उमेदवारच नाही, टाळ्या वाजवून निवड. जास्तीत जास्त तीन टर्म असा नियम २०१६ च्या सुधारणांमध्येच आला होता, तर कौन्सिलने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ठरवलं की त्यांचे पहिले ३९ महिने धरायचे नाहीत. म्हणजे २०२७ ला परत उभं राहायला मोकळे. यात कुठे लाच नाही, नियम मोडलेला नाही, आणि मला विचारशील तर म्हणूनच हे पाकिटापेक्षा जास्त अंगावर येतं.

पाकिटांचीही गोष्ट आहे, आणि ती तुझ्यासाठी मुद्दाम सांगतेय. मे २०११, पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद. फिफाची निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली, तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांच्यासमोर कतारचे मोहम्मद बिन हम्माम उभे. कॅरिबियन देशांच्या पदाधिकाऱ्यांना हॉटेलात बोलावलं, भाषण झालं, आणि दुपारी सांगितलं की एकेकाने त्या खोलीत जाऊन भेट घेऊन या. बहामाच्या असोसिएशनचे उपाध्यक्ष फ्रेड लन आत गेले, हातात बंद पाकीट आलं, उघडलं तर शंभराच्या नोटांच्या चार गड्ड्या, ४०,००० डॉलर. लन यांनी आपल्या अध्यक्षांना कळवलं, नोटांचा फोटो काढला आणि पैसे परत केले. फोटो काढायची बुद्धी झाली म्हणून पुढचं सगळं झालं, नाहीतर ‘मी घेतले नाहीत’ एवढंच सांगत बसले असते. दुसऱ्या दिवशी तिथल्या फुटबॉलचे सर्वेसर्वा जॅक वॉर्नर यांनी सगळ्यांना सुनावलं की कोणाला फारच सोवळं पाळायचं असेल तर त्याने चर्च काढावं. तुझे अध्यक्ष आठवले ना? टोन तोच.

पूर्ण सांगायचं तर बिन हम्माम यांनी सगळं नाकारलं, क्रीडा लवादाने पुरावा अपुरा म्हणून त्यांच्यावरची पहिली आजीवन बंदी २०१२ मध्ये रद्द केली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी वेगळ्या प्रकरणात फिफाने परत आजीवन बंदी घातली. ब्लाटर तेव्हा बिनविरोध निवडून आले.

आता तुझ्या राजीनाम्याचं. मी सांगते देऊ नकोस, निदान आत्ता नाही. मायकेल गार्सिया म्हणून अमेरिकन वकील होते, २०१८ आणि २०२२ चे वर्ल्ड कप रशिया आणि कतारला कसे मिळाले याची चौकशी फिफाने त्यांच्याकडे दिली होती. २ डिसेंबर २०१० चं ते मतदान, २४ जणांची कमिटी, त्यातले दोघे मत विकायला तयार असल्याच्या आरोपानंतर, पत्रकारांच्या सापळ्यात सापडून, आधीच निलंबित, म्हणून २२ जणांनी मत दिलं आणि २०२२ साठी शेवटच्या फेरीत कतार १४, अमेरिका ८. गार्सियांनी जाडजूड रिपोर्ट दिला, फिफाने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा फक्त सारांश काढला, गार्सिया म्हणाले हा माझा रिपोर्टच नाही, आणि डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. छान केलं, तत्त्वाचा माणूस. पण रिपोर्ट कपाटातच. पूर्ण बाहेर आला २०१७ मध्ये, तोही एका जर्मन पेपरच्या हाताला लागला म्हणून. राजीनामा दिला की माणूस मोकळा होतो आणि खुर्चीही मोकळी होते, आणि त्या खुर्चीवर कोण बसणार हे तुझे अध्यक्ष ठरवणार.

फिफाला खरा दणका बसला तो कागदाने. चक ब्लेझर नावाचा अमेरिकन पदाधिकारी, उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या संघटनेचा सरचिटणीस, कमिशन एवढं खायचा की मिस्टर टेन पर्सेंट नाव पडलेलं, न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये त्याच्या मांजरांसाठी वेगळा फ्लॅट होता, मस्करी नाही करत. हा बाबा पकडला गेला कशावरून, तर वर्षानुवर्षं टॅक्स रिटर्नच भरलं नव्हतं. मग तो तपास यंत्रणेचा खबऱ्या झाला, आणि २७ मे २०१५ ला पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलातून सात पदाधिकाऱ्यांना उचललं, हॉटेलच्या लोकांनी फोटोग्राफरपासून लपवायला पांढऱ्या चादरी धरल्या होत्या. अमेरिकेचा आरोप होता २४ वर्षांत १५ कोटी डॉलरच्या वर लाच. एथिक्स कमिट्या होत्या, आचारसंहिता होत्या, भाषणं होती, आणि पकडलं कोणी तर एफबीआय आणि इन्कम टॅक्सवाल्यांनी, बँकेच्या नोंदी धरून.

दुसरं उदाहरण तर खास खजिनदारासाठीच. २०११ मध्ये फिफाने तेव्हाचे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष मिशेल प्लातिनी यांना २० लाख स्विस फ्रँक दिले. ब्लाटर आणि प्लातिनी दोघंही म्हणाले, पूर्वीच्या कामाचं राहिलेलं देणं होतं, तोंडी ठरलं होतं. या रकमेचं लिहिलेलं काही नाही. फुटबॉलमधून दोघांवर बंदी आली, प्लातिनींची अध्यक्षपदाची संधी गेली. कोर्टाने मात्र २०२२ मध्ये आणि अपिलात २०२५ मध्ये परत दोघांना निर्दोष सोडलं. म्हणजे बघ, ते खरं बोलत होते असं जरी धरलं तरी एका कागदाअभावी दहा वर्षं गेली. तुझे अध्यक्ष म्हणतील ना, अरे तोंडी ठरलंय, सगळ्यांना माहितीये, तेव्हा हे सांग त्यांना.

मी स्वतः एका क्रीडा संस्थेच्या कमिटीवर होते पूर्वी, नाव नाही सांगत. मिटिंगच्या शेवटी चहा यायचा आणि चहाबरोबर मिनिट्सचं रजिस्टर फिरायचं, सही करा सही करा, आणि मी एका हातात कप धरून सह्या केल्या आहेत. दीड वर्षाने एका वादात तेच पान समोर आलं, त्यात मी ज्या ठरावाच्या विरोधात बोलले होते तो ‘सर्वानुमते मंजूर’ आणि खाली माझी सही. ओरडून काय उपयोग, अक्षर माझंच.

तर आता कामाचं. पावती नसलेल्या ओळींवर सही करायची नाही. भांडू नकोस, आवाज चढवू नकोस, एक साधं पत्र दे की अमुक अमुक नोंदींची व्हाउचर मिळाली नाहीत, मिळाल्यावर सही करतो, आणि त्या पत्राची पोच घे. मिटिंगमध्ये बोलशील ते मिनिट्समध्ये आलंय का हे सही करायच्या आधी वाच, नसेल आलं तर सहीच्या बाजूला हाताने लिही की माझी असहमती नोंदलेली नाही. आणि कुठल्या क्लबने कधी अर्ज केला, कधी मदत मिळाली, किती मिळाली याचा एक तक्ता बनव. त्यात मतदानाचा उल्लेख सुद्धा करू नकोस. लोकांना तारखा वाचता येतात.

अजून एक बघ, तुमचा ऑडिटर कोण नेमतो? हे विचारतेय कारण फिफाने २०१६ नंतर बरीच स्वच्छता केली असं सांगितलं, स्वतंत्र गव्हर्नन्स कमिटी आणली, पोर्तुगालचे मिगेल मादुरो त्याचे प्रमुख, मोठे कायदेतज्ज्ञ. त्यांच्या कमिटीने रशियाचे उपपंतप्रधान विताली मुत्को यांना कौन्सिलवर येऊ दिलं नाही, मंत्री असलेला माणूस राजकारणापासून अलिप्त कसा म्हणून. मे २०१७ च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे फिफाच्या वार्षिक सभेत, मादुरोंना पदावर ठेवलं नाही, एथिक्सचे दोन प्रमुख पण त्याच वेळी बदलले. आपल्याकडे म्हणतात ना कुंपणच शेत खातं, इथे कुंपण खात नव्हतं म्हणून उपटलं. यजमान निवडायचा अधिकार २४ जणांच्या कमिटीकडून काढून सगळ्या देशांना दिला ही पण मोठी सुधारणा, २०१८ मध्ये मॉस्कोला २०२६ साठी खरंच मतदान झालं, १३४ विरुद्ध ६५. आणि २०३४? ऑक्टोबर २०२३ मध्ये इच्छुकांना चार आठवडेही दिले नाहीत, सौदी अरेबिया एकटाच उरला, आणि डिसेंबर २०२४ ला ऑनलाइन काँग्रेसमध्ये सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर टाळ्या वाजवल्या, झालं. २०३० पण त्याच टाळ्यांमध्ये. २११ जणांना मत दिलं आणि मत द्यायला काही ठेवलंच नाही.

त्या वेळी नॉर्वेने सांगितलं, आम्ही टाळ्या वाजवणार नाही, आमचा आक्षेप मिनिट्समध्ये लिहा. त्यांच्या अध्यक्षा लिसे क्लावेनेस, स्वतः नॉर्वेकडून खेळलेल्या, व्यवसायाने वकील. याच बाई मार्च २०२२ मध्ये दोहाला, कतारच्याच भूमीवर, सगळ्या काँग्रेससमोर उभ्या राहून मजुरांच्या हक्कांबद्दल आणि या निवड प्रक्रियेबद्दल बोलल्या होत्या. २०२३ मध्ये युरोपच्या कमिटीसाठी उभ्या राहिल्या, पडल्या. २०२५ मध्ये आल्या निवडून. राजीनामा दिला नाही, बहिष्कार टाकला नाही, आत बसून लिहा म्हणाल्या. तुला आदर्श हवा असेल तर फिफाच्या झुरिककडे नको बघूस, ओस्लोकडे बघ.

वर्ल्ड कपवर येते. आधी तुझ्या मित्राचा मुद्दा मी पूर्ण मान्य करून बघते, कारण तो मूर्खपणाचा नाही. १९७३ चा चिली घे. सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, सँटियागोच्या नॅशनल स्टेडियममध्ये हजारो लोक कोंडले, छळ केला, मारले. वर्ल्ड कप पात्रतेची चिली विरुद्ध सोव्हिएत युनियन मॅच तिथेच. फिफाची माणसं पाहणीला गेली, कैदी खाली लपवून ठेवले होते, यांनी गवत बघितलं आणि सगळं ठीक म्हणून सांगितलं. सोव्हिएत टीम आलीच नाही. २१ नोव्हेंबरला चिलीचे खेळाडू एकटेच उतरले, शिट्टी वाजली, समोर कोणी नाही, एकमेकांना पास देत गेले आणि कॅप्टन वाल्देसने रिकाम्या गोलमध्ये बॉल ढकलला. तू गोलकीपर आहेस, तो रिकामा गोल डोळ्यासमोर आण. फिफाने चिलीला विजयी ठरवलं आणि चिली वर्ल्ड कपला गेली.

‘आम्ही राजकारणात पडत नाही’ हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत सोयीने वापरलंय. २०२२ ला कॅप्टननी भेदभावाविरुद्धची रंगीत पट्टी बांधली तर यलो कार्ड देऊ म्हणाले, जर्मनीच्या टीमने फोटोत तोंडावर हात ठेवले. आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये वर्ल्ड कपचा ड्रॉ वॉशिंग्टनमध्ये, तिथे फिफाने स्वतःचं नवंकोरं शांतता पारितोषिक काढून डोनाल्ड ट्रम्प यांना दिलं. पट्टी म्हणजे राजकारण आणि हे म्हणजे खेळ! कतारमध्ये राबलेल्या मजुरांच्या नुकसान भरपाईसाठी फंड हवा अशी मागणी किती दिवस चालली होती, शेवटी पाच कोटी डॉलरचा लेगसी फंड निघाला आणि तो जागतिक आरोग्य संघटना, जागतिक व्यापार संघटना, निर्वासितांची संस्था यांच्या उपक्रमांना गेला. ज्यांचा माणूस गेला त्या घरी काय गेलं, विचारू नकोस.

पण मनात आणलं तर याच लोकांना जमतं, हेही तेवढंच खरं. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला केला आणि २८ ला रशिया फुटबॉलमधून बाहेर. इराणमध्ये बायकांना स्टेडियमचं दार बंद होतं, सहर खोदायारी या मुलीने वेश बदलून जायचा प्रयत्न केला, खटल्याच्या भीतीने स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गेली, त्यानंतर फिफाने दट्ट्या लावला आणि १० ऑक्टोबरला तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये हजारो बायका तिकीट काढून बसल्या. इराणने कंबोडियाला १४-० हरवलं, त्या बायकांनी प्रत्येक गोलला पहिलाच असल्यासारखा आरडाओरडा केला असणार. अफगाणिस्तानच्या असोसिएशनच्या अध्यक्षांनी खेळाडू मुलींवर अत्याचार केल्याचं सिद्ध झाल्यावर त्यांच्यावर आजीवन बंदी घातली, तीही याच एथिक्स कमिटीने. म्हणून मी ही संस्था बुडवा म्हणणाऱ्यांपैकी नाही. बुडवली तर उद्या त्या जागी पैसेवाले बारा क्लब येऊन बसतील, २०२१ च्या एप्रिलमध्ये सुपर लीग काढायला निघालेच होते की. त्यात माँटसेराटला मत तर सोडच, गेटपास पण मिळणार नाही.

मी स्वतः २०२२ चा पहिला आठवडा टीव्ही लावला नाही. कोणाला कळलं? कोणालाच नाही, घरात मीच चिडचिडी झाले. मग फायनल बघितली. १२३ वं मिनिट, ३-३, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आणि अर्जेंटिनाचा गोलकीपर एमी मार्तिनेझने डावा पाय बाहेर फेकला. तू तर तो सेव्ह शंभर वेळा बघितला असशील. त्या पायाचा आणि २०१० च्या त्या मतदानाचा काय संबंध? तो पाय त्याचा आहे, तो कोणी विकला नव्हता. तर बघ खुशाल. तुला खरंच नको वाटत असेल तर नको बघूस, पण मित्राला पटवायला म्हणून नको. आणि मित्राला विचार, तुमच्या असोसिएशनच्या वार्षिक सभेला तो शेवटचा कधी आला होता, कारण क्लबचा सभासद असेल तर त्यालाही हात वर करायचा हक्क आहे आणि तुला त्या दिवशी दोन-चार हात लागणार आहेत.

असं केलंस तर पुढच्या निवडणुकीत तुला पॅनलमधून काढतील ही शक्यता मी लपवत नाही. मादुरोंना काढलं तर तुला का नाही काढणार. फक्त काढायचं ते त्यांनी काढू दे, कारण विचारलं तर त्यांना काहीतरी लिहावं लागेल.

हिशेबाची फाईल घरी आणली असशील तर आजच रात्री प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव, मागच्या बाजूचा पण. मिटिंग झाली की कळव काय झालं ते, आणि गुडघा दाखवलास का परत कोणाला?

– ताई